इन्सुलिनची गोळी का नसते?

प्रश्न : सासूबाईंना रोज दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. टोचायचं काम माझ्याकडे. परवा माझा सहावीतला मुलगा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "आजी, तापाची गोळी असते, बीपीची असते, शुगरचीसुद्धा एक गोळी तू घेतेसच. मग हेच का टोचायचं?" आजींनी माझ्याकडे पाहिलं, मी औषधांच्या दुकानदाराकडे. तो म्हणाला, "वहिनी, ते पोटात गेलं की मरतं." हे खरं का? आणि इतक्या वर्षांत कुणालाच उपाय सापडला नाही?
(एक वाचक, कराड)

उत्तर : दुकानदाराचं म्हणणं खरं आहे, पण निम्मं. इन्सुलिन पोटात 'मरतं' ही गोष्टीची सुरुवात झाली. समजा ते मेलं नाही, तरी पुढे काय होतं, हा भाग जास्त मजेशीर आहे आणि औषध कंपन्यांचा पैसा मुख्यतः तिथेच बुडाला आहे.

आधी मरण्याचं बघू. मटण जून निघालं की त्याला कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवतात. तासाभरानं बोटानं दाबलं तर तुकडा सैल लागतो. पाहुण्यांच्या गडबडीत पातेलं रात्रभर तसंच राहिलं तर सकाळी मांसाचा लगदा झालेला असतो, भाजी कसली आणि रस्सा कसला. पपईच्या चिकात पपेन नावाचं विकर असतं आणि ते प्रथिनांच्या साखळ्या कापत सुटतं. आपल्या जठरात हेच काम पेप्सिन करतं, तेही कडक आम्लात. पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिन आणि त्याची भावंडं उरलेलं उरकतात. इन्सुलिन हे प्रथिनच आहे, ५१ अमिनो आम्लांचं, दोन साखळ्यांचं. गिळलेलं इन्सुलिन हे महागाचं औषध आहे की आमटीतली डाळ, हे पोटाला कळायचा काही मार्ग नाही. ते दोन्ही कापतं. आजींनी इन्सुलिन गिळलं तर त्यांना थोडीशी प्रथिनं मिळतील, एवढंच. तीही किती? दहा युनिट इन्सुलिन म्हणजे साधारण ०.३५ मिलिग्रॅम. साखरेच्या एका दाण्याहून कमी.

गंमत अशी की हेच पाचक रस इन्सुलिनच्या शोधाच्याही मुळाशी आहेत. स्वादुपिंडात इन्सुलिन बनतं आणि पाचक रसही तिथेच बनतात. १९२० च्या ऑक्टोबर अखेरीस एका रात्री कॅनडातल्या लंडन गावी फ्रेडरिक बँटिंग या तरुण सर्जनच्या डोक्यात आलं की ग्रंथी वाटून अर्क काढताना हे रस आतल्या मौल्यवान पदार्थाचा नाश करत असणार; तेव्हा कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी आधी बांधून टाकायची, रस बनवणारा भाग सुकू द्यायचा आणि मग अर्क काढायचा. पुढे लक्षात आलं की एवढा खटाटोप गरजेचा नव्हता, थंड अल्कोहोल आणि आम्ल वापरूनही अर्क निघतो. पण शंका चुकली असली तरी कामाला आली. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही, उलट टोचलेल्या जागी गळू झालं. बारा दिवसांनी जेम्स कॉलिपनं शुद्ध केलेला अर्क दिला आणि मुलाची साखर उतरली. तोंडानं इन्सुलिन देऊन पाहण्याचे प्रयोगही त्याच दशकात सुरू झाले. म्हणजे तुमच्या मुलाचा प्रश्न इन्सुलिनइतकाच जुना आहे.

आता समजा आपण इन्सुलिनला चिलखत घातलं. गोळीवर असा लेप दिला की ती जठराच्या आम्लात विरघळणार नाही, सोबत विकरांना थोपवणारं काहीतरी दिलं. अशा युक्त्या आहेत आणि त्या बऱ्यापैकी चालतात. इन्सुलिन धडधाकट लहान आतड्यात पोचलं. तरी ते अजून शरीराच्या बाहेरच आहे! तोंडापासून गुदद्वारापर्यंतची नळी म्हणजे आपल्या आरपार गेलेला बोगदा, आणि बोगद्यातली गाडी डोंगरात शिरलेली नसते. रक्तात जायचं तर आतड्याची भिंत ओलांडायला हवी.

ही भिंत जाडीला फक्त एका पेशीची असते. क्षेत्रफळ मात्र प्रचंड, घड्यांवर घड्या पडल्यामुळे. जुन्या पुस्तकांत टेनिस कोर्टाची उपमा असायची. २०१४ साली स्वीडनमधल्या दोघांनी नव्यानं मोजलं तेव्हा पचनमार्गाचं सगळं आतलं अस्तर मिळून ३० चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे बॅडमिंटन कोर्टाच्या निम्म्याहून कमी भरलं. एवढ्या जागेत या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की त्यांच्या फटीतून जेमतेम पाणी, क्षार आणि अगदी बारीक रेणू सरकतात. उरला मार्ग पेशीच्या आतून. पण पेशीचं पटल स्निग्ध पदार्थाचं, त्यातून तेलाशी जमवून घेणारे छोटे रेणूच सहज पार होतात.

रेणूंचं वजन डाल्टनमध्ये मोजतात. हायड्रोजनचा एक अणू म्हणजे सुमारे एक डाल्टन. पॅरासिटामॉल १५१, अ‍ॅस्पिरिन १८०, इन्सुलिन ५,८०८. औषध कंपनीत काम करणाऱ्या ख्रिस्तोफर लिपिन्स्की या रसायनतज्ज्ञानं १९९७ साली सहकाऱ्यांसोबत एक ठोकताळा मांडला, तो आज फार्मसीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो. त्यातली एक अट अशी की रेणू ५०० डाल्टनच्या वर गेला तर गोळीच्या रूपात तो नीट शोषला जाण्याची आशा कमी. इन्सुलिन त्या रेषेच्या अकरा-बारा पट पलीकडे.

पण लहान तो पास आणि मोठा तो नापास, इतकं ते सरळ नाही. आजी शुगरची जी गोळी घेतात ती बहुधा मेटफॉर्मिन असेल. तो रेणू पॅरासिटामॉलपेक्षाही लहान, १२९ डाल्टनचा, पण त्याला पाण्याची इतकी ओढ की तेलकट पटलात शिरायला तयारच नाही. पटलातली काही वाहक प्रथिनं त्याला हात धरून आत नेतात, म्हणून निम्म्याच्या वर तो शोषला जातो. उलट जीवनसत्त्व बी-१२. हा १,३५५ डाल्टनचा धिप्पाड गडी एकटा गेला तर शंभरातला एखादाच आत जाईल. पण जठर त्याच्यासाठी एक खास प्रथिन पाझरतं, ते त्याला कवेत घेऊन लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचवतं आणि तिथे त्या जोडीला ओळखणारं दार असतं. इन्सुलिनसाठी आतड्यात तसं दार नाही. कशाला असेल? ते शरीराच्या आतच तयार होणार, तोंडातून येणार हा विचारच निसर्गानं केलेला नाही.

भिंत इतकी कडक का, हे समजून घ्यायचं तर गोठ्यात जावं. गाय व्याली की जुने गवळी पहिला चीक वासराला पाजतात, मग उरला तर खरवसाला. यात माया आहेच, शिवाय पक्कं शास्त्र आहे. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगांशी लढणारी प्रतिपिंडं जवळपास नसतातच; गाईच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत. ती चिकात असतात. एकेक प्रतिपिंड दीड लाख डाल्टनचं, म्हणजे इन्सुलिनच्या पंचवीस पट. आणि पहिल्या दिवसात वासराचं आतडं हे अगडबंब रेणू अख्खेच्या अख्खे रक्तात घेतं! पहिल्या काही तासांत भराभर, मग कमी कमी, आणि साधारण चोवीस तासांत दार बंद. उशिरा पाजलेला चीक पोटात राहून थोडंफार काम करतो, पण रक्तात जात नाही. त्या एका दिवसाच्या मोकळ्या दारातून नको ते जंतूही आत घुसू शकतात. घाण गोठ्यात जन्मलेली वासरं म्हणूनच दगावतात. दार सतत उघडं राहिलं असतं तर जगणं मुश्किल होतं. माणसाच्या बाळाला ही प्रतिपिंडं जन्माआधीच वारेतून मिळतात.

तेव्हा औषध बनवणाऱ्यांपुढचा पेच असा की बंद राहण्यासाठीच बनलेलं दार थोडा वेळ, थोडंसं, आपल्याच मालापुरतं उघडायचं. हे एका बाबतीत जमलेलं आहे. सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचंच औषध, इन्सुलिनसारखंच अमिनो आम्लांच्या साखळीचं, ४,११४ डाल्टनचं. आठवड्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन आधी आलं आणि २०१९ मध्ये अमेरिकेत त्याच्या गोळीला मान्यता मिळाली. २०२२ पासून ती भारतातही मिळते. गोळीत औषधासोबत स्नॅक नावाचं एक रसायन असतं (फराळाशी संबंध नाही, लांबलचक रासायनिक नावाचा तो आद्याक्षरी अवतार). गोळी जठराच्या भिंतीला टेकून विरघळते, तेवढ्या चिमूटभर जागेतलं आम्ल हे रसायन मारून टाकतं, त्यामुळे पेप्सिन लुळं पडतं, आणि शेजारच्या पेशींचं पटल जरा वेळ सैल होतं. तेवढ्यात औषध निसटतं. म्हणून ही गोळी घेण्याचे नियम सोवळ्यातल्या स्वयंपाकाइतके कडक आहेत : सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, अर्ध्या कपाएवढ्याच पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. माझ्या एका मित्राची चिडचिड या शेवटच्या कलमामुळे होते.

एवढं करून आत किती जातं? हिशेब करून बघा. इंजेक्शनचा एक प्रचलित डोस आठवड्याला १ मिलिग्रॅम. गोळीचा डोस दिवसाला १४ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला ९८. जवळपास शंभरपट औषध गिळायचं तेव्हा कुठे इंजेक्शनच्या जवळपासचं काम होतं. उरलेल्या नव्व्याण्णव वाट्यांचं पपईतलं मटण होतं.

आणि खरी मेख इथे आहे. शंभरातला एक भाग आत जातो हे परवडेल एकवेळ, पण तो रोज एकच भाग जातो का? मेटफॉर्मिनचा आज ५० टक्के भाग शोषला गेला आणि उद्या ५५, तर काही बिघडत नाही. पण जिथे मुळात एकच टक्का जातो तिथे आज एक आणि उद्या दोन, म्हणजे सरळ डोस दुप्पट. पोट साफ नव्हतं, आदल्या रात्री जेवण जड झालं, पाणी जरा जास्त प्यायलं गेलं, एवढ्यानं हे होऊ शकतं. सेमाग्लुटाइड ही धुसफूस सहन करतं, कारण ते रक्तात आठवडाभर रेंगाळतं. गच्चीवरच्या टाकीत एखाद्या दिवशी पाणी कमी चढलं तरी नळाची धार बदलत नाही, तसं. जेवणाआधी घ्यायच्या इन्सुलिनला टाकी नाही, ते थेट नळाचं पाणी. कमी गेलं तर साखर चढेल आणि दुप्पट गेलं तर आजींना घाम फुटेल, हातपाय कापतील, शुद्धही हरपेल. या औषधात माप चुकवून चालत नाही.

यावर तोडगा म्हणून डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कनं रक्तात दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन घडवलं आणि त्याची गोळी केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवडे ती नेहमीच्या इंजेक्शनच्या तोडीस तोड ठरली. म्हणजे शास्त्र जिंकलं! तरी कंपनीनं काम थांबवलं, कारण शोषण इतकं कमी की गोळ्यांसाठी इन्सुलिन भारंभार बनवावं लागलं असतं आणि किंमत आवाक्याबाहेर गेली असती. बंगळुरूच्या बायोकॉननंही प्रयत्न केला. २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही. इस्रायली ओरामेडच्या कॅप्सूलचं २०२३ च्या जानेवारीत तेच झालं. या यादीकडे पाहून हसावंसं वाटेल, पण मला या मंडळींचं कौतुकच वाटतं. ते ज्या भिंतीवर डोकं आपटतायत, ती कोट्यवधी वर्षांत घट्ट होत आलेली आहे.

एवढा अट्टहास कशासाठी, नुसती सुईची भीती घालवायला? तसं नाही. धडधाकट माणसात स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतात जातं आणि मग उरलेल्या शरीरात. पोटाच्या कातडीखाली टोचलेलं आधी सगळीकडे फिरतं आणि यकृताच्या वाट्याला त्या मानानं कमी येतं. गोळीतून आतड्यात शोषलेलं इन्सुलिन मात्र नैसर्गिक वाटेनं आधी यकृतातच पोचेल. हा आतड्यातून-यकृतात-मग-बाकीकडे असा रस्ता प्रत्येक गिळलेल्या गोळीला घ्यावा लागतो आणि काही औषधांचा यकृत तिथेच फडशा पाडतं. छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट गिळायची नाही, जिभेखाली धरायची, ती यासाठी. तिथलं पातळ अस्तर पार करून ती थेट रक्तात उतरते, यकृताचा टोलनाका चुकवून.

मग दुसरी दारं? फुप्फुस हे त्यातलं सगळ्यात मोठं. तिथली भिंत कमालीची पातळ. ओढायचं इन्सुलिन, एक्झुबेरा, फायझरनं २००६ मध्ये बाजारात आणलं आणि २००७ मध्ये गुंडाळलं. यंत्र टॉर्चएवढं बोजड, चारचौघांत काढायची सोय नाही, आणि डॉक्टरांनाही फुप्फुसाची काळजी. आता अफ्रेझा नावाचं सुटसुटीत उपकरण आहे. मुंबईच्या सिप्लाला ते भारतात आणायची परवानगी २०२४ च्या डिसेंबरात मिळाली. दमेकऱ्यांना आणि सिगारेट ओढणाऱ्यांना मात्र ते चालत नाही.

तुमच्या मुलाला सांगण्यासारखी गोष्ट मी शेवटी राखून ठेवली आहे. अमेरिकेत एमआयटीच्या रॉबर्ट लँगर आणि जिओव्हानी ट्रॅव्हर्सो यांच्या गटानं २०१९ मध्ये करवंदाएवढी एक कॅप्सूल केली. आफ्रिकेत बिबट्या कासव असतं; त्याची पाठ अशी उंच घुमटासारखी की उलटं पडलं तरी ते स्वतःच सुलटं होतं. कॅप्सूलचा आकार तसाच. पोटात कशीही पडली तरी कूस बदलून जठराच्या भिंतीवर पाय टेकून उभी राहते. आत दाबलेली स्प्रिंग, तिला अडवून धरणारी साखरेची चकती. चकती विरघळली की स्प्रिंग सुटते आणि घट्ट दाबलेल्या इन्सुलिनचीच बनवलेली बारीक सुई भिंतीत घुसते. जठराच्या आतल्या अस्तराला टोचल्याचं कळत नाही. डुकरांवर हे चाललं. माणसांच्या रोजच्या वापरापर्यंत आलेलं नाही. आणि लक्षात आलं ना, फिरून गाडी सुईवरच आली, फक्त ती आत टोचली.

तोवर आजींचं इंजेक्शन आहे तसंच वेळेवर चालू द्या. त्यातही एक छोटी भिंत असते बरं. कुपीत इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती फेर धरून बसलेले असतात. टोचल्यावर तो फेर सुटून एकेकटे झाल्याशिवाय ते केशवाहिनीच्या भिंतीतून भराभर जात नाहीत. साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात ते यामुळे. १९९६ मध्ये साखळीतल्या फक्त दोन अमिनो आम्लांची अदलाबदल करून लवकर सुटणारं इन्सुलिन आलं आणि तो अर्धा तास वाचला.

प्रश्न : शिंका आणि अंगावर पित्त उठतं म्हणून मी एव्हिल घ्यायचो. गोळी घेतली की दुपारभर डोळे उघडत नसत. डॉक्टरांनी बदलून फेक्सोफेनाडिन दिली, तिनं झोप येत नाही. दोन्ही अ‍ॅलर्जीच्याच, मग हा फरक कसला?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : आतड्याची भिंत कडक आहे असं वर लिहिलं खरं, पण मेंदूच्या दारातला पहारा बघितला तर ती धर्मशाळा वाटेल.

१८८५ मध्ये पाऊल एहरलिख या जर्मन शास्त्रज्ञानं प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळी इंद्रियं रंगली, मेंदू तेवढा कोरा. त्याला वाटलं मेंदूला रंग चिकटत नसावा. त्याच्या शिष्यानं, एडविन गोल्डमननं, १९१३ मध्ये तोच प्रयोग उलटा केला : निळा रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. मेंदू निळाशार झाला आणि बाकी शरीर कोरं. म्हणजे रंग चिकटत होता, मधे भिंत होती. ती भिंत म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्या. सगळ्या जोडून एका रेषेत मांडल्या तर सहाशे किलोमीटरच्या घरात जातील, मुंबईहून पणजी गाठाल. त्यांच्या पेशी एकमेकींना विलक्षण घट्ट चिकटलेल्या, आणि वर पेशीच्या पटलात पंप बसवलेले. नको असलेला रेणू तेलकटपणाच्या जोरावर आत शिरलाच तर हे पंप त्याला उचलून परत रक्तात फेकतात.

हिस्टामिनमुळे नाक वाहतं आणि अंगावर गांध्या उठतात. मेंदूत मात्र हेच हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं. एव्हिल छोटी, तेलात रमणारी, पंपांना चकवणारी. ती मेंदूत जाऊन तिथलं हिस्टामिनही बंद पाडते, म्हणून पेंग येते. फेक्सोफेनाडिन मुळात जडशीळ, त्यात पंप तिला ओळखतात. ती नाकात आणि कातडीत काम करते, वर जात नाही. जुलाबाची लोपेरामाइड हे याहून सरस उदाहरण. ती अफूच्या कुळातली आहे, पण दिलेल्या मात्रेत पंप तिला मेंदूबाहेर ठेवतात, त्यामुळे आतडं शांत होतं आणि नशा चढत नाही.

उलट मेंदूतच औषध हवं असतं तेव्हा हाच पहारा डोकेदुखी होतो. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, मेंदूत डोपामिन कमी पडतं. डोपामिन आहे अवघं १५३ डाल्टनचं, पॅरासिटामॉलएवढं. तरी भिंत ओलांडत नाही. मग शास्त्रज्ञांनी वेश बदलला. डोपामिन ज्यापासून बनतं तो लेव्होडोपा अमिनो आम्लासारखा दिसतो आणि मेंदूला अन्नातल्या अमिनो आम्लांसाठी एक दार उघडं ठेवावंच लागतं. त्या दारातून तो आत जातो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. पण दार एकच, रांग मोठी. रुग्णानं उसळ, अंडी, पनीर असं भरपेट खाऊन गोळी घेतली तर अन्नातली अमिनो आम्लं रांगेत पुढे असतात आणि लेव्होडोपा मागे राहतो. काही रुग्ण म्हणतात ना, जेवणानंतरची गोळी लागतच नाही, ते खोटं नसतं.

आणखी एक खुबी. लेव्होडोपाचं डोपामिन रक्तातच होऊन गेलं तर मळमळतं आणि मेंदूला काही उरत नाही. म्हणून गोळीत कार्बिडोपा मिसळतात. तो हे रूपांतर थांबवतो. मग मेंदूतलंही थांबत नाही का? नाही, कारण कार्बिडोपाला मेंदूत प्रवेशच नाही. दारात अडवला जातो म्हणूनच तो उपयोगाचा.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना खाजकुइली माहीत असेल, तपकिरी मखमली शेंगांची, जिची लव अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो. तिच्या बियांत लेव्होडोपा असतो. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्ये तो त्यातून वेगळा काढला, पार्किन्सन्ससाठी तो वापरात यायच्या कितीतरी आधी. हे वाचून कुणी बिया चावू नयेत. एका बीत तो किती आहे हे बी सांगत नाही.

प्रश्न : औषधाचे मोठे रेणू तोंडावाटे जात नाहीत म्हणता, मग पोलिओचे डोस थेंबांनी कसे देतात?
(एक आशा कार्यकर्ती, नांदेड)

उत्तर : कारण त्या थेंबांत नुसता रेणू नाही, जिवंत विषाणू आहे, आल्बर्ट सेबिन यांनी नरम केलेला. तोंडातून शिरून आतड्यात वस्ती करणं हा पोलिओच्या विषाणूचा पिढीजात धंदाच. त्याचं कवच आम्लाला दाद देत नाही, आतड्याच्या पेशींवरच्या एका ठरावीक रेणूला तो बरोबर चिकटतो आणि पेशी त्याला आत ओढून घेते. इन्सुलिनला जे दार शंभर वर्षांत सापडलं नाही, त्याची किल्ली याच्या खिशात उपजतच असते. शिवाय आत गेल्यावर तो वाढतो, म्हणजे शंभरातले थोडेच पोचले तरी भागतं. मापाची चिंता नाही.

योनास सॉल्क यांच्या लशीत विषाणू मारलेला असतो. त्याला दार उघडता येत नाही, म्हणून ती टोचावी लागते. आपल्याकडे आता दोन्ही देतात : थेंबांनी आतड्यातच पहारा बसतो आणि दंडावर कातडीत दिलेल्या ०.१ मिलिलिटरच्या टोचणीनं रक्तात. बाळानं थेंब लगेच थुंकले तर तुम्ही पुन्हा देता, ते अगदी योग्य. टोचलेल्या लशीला ती भानगड नाही, फक्त बाळाचा दंड घट्ट धरायला आईला सांगावं लागतं.